शिडाच्या यॉटवरची सुट्टी: आराम हवा असेल तर विचार करा

यॉटच्या जाहिरातीत नेहमी कोणीतरी पुढच्या डेकवर आडवं पडलेलं असतं. हे सगळे फोटो नांगर टाकल्यावर काढतात, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही. शीड भरलं की बोट पंधरा-वीस अंशांनी सहज कलते आणि आडवा पडलेला माणूस घरंगळत कठड्याच्या तारांपर्यंत जातो. आमचे भाऊजी गेले. पुस्तक वाचत होते, पुस्तकासकट गेले.

ग्रीसच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्रात, लेफकाडा बेटाहून आम्ही चाळीस फुटी यॉट स्किपरसह, म्हणजे बोट चालवणाऱ्यासह, भाड्याने घेतली होती. स्वतः चालवायची तर परवाना दाखवावा लागतो. आमच्यात तो कोणाकडेच नसल्यामुळे त्यावर वाद झाला नाही. वाद झाला तो केबिनवरून. 'तीन केबिन' म्हणजे तुमच्यासाठी तीन, असं समजू नका. स्किपरलाही केबिन द्यावी लागते आणि हे करारात खाली कुठेतरी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. दोन जोडपी आत झोपली आणि पुतणी मधल्या बैठकीच्या बाकावर. तिची तक्रार नव्हती, कारण तिथे हवा सगळ्यात चांगली येत होती.

जागा मात्र आम्ही योग्य निवडली. उन्हाळ्यात इथे सकाळी वारा जवळपास नसतो, दुपारी वायव्येकडून सुटतो आणि सूर्य कलला की पडतो. पहिल्यांदा जाणाऱ्यांना एवढाच वारा पुरे. पलीकडे एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्टेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो जोरात असला तर लहान बोटींना बंदरातच अडकून राहावं लागतं. फक्त आयोनियनमध्ये सकाळी वारा नसतो, म्हणजे तेव्हाचा बराच प्रवास इंजिनावर होतो. 'फक्त वाऱ्यावर चालणारी सुट्टी' ही कल्पना घेऊन येणाऱ्यांची इथे निराशा होईल.

वेगाबद्दलही सांगते. पाच-साडेपाच नॉट, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. बरं, जायचंय त्याच दिशेकडून वारा येत असेल तर सरळ जाताच येत नाही. वाऱ्याशी साधारण पंचेचाळीस अंशांचा कोन ठेवून आधी एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, असं नागमोडी जायचं. समोर दिसणारं इथाका बेट दुपारभर समोरच राहिलं. मोटारीत अशा वेळी आमचे हे कुरकुरले असते. इथे कुरकुरायला फुरसत नव्हती, कारण दर वळणाला सगळ्यांना काम असतं.

ते काम असं. स्किपर ओरडून सांगतो, मग सुकाणू फिरवतो. बोट वाऱ्याला तोंड देते आणि पुढचं शीड एकदम फडफडायला लागतं. हा आवाज पहिल्यांदा ऐकला की काहीतरी फाटलं असंच वाटतं. त्या क्षणी या बाजूचा दोर मोकळा सोडायचा आणि पलीकडच्याने दुसऱ्या बाजूचा दोर विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या फिरत्या पिंपावर, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळून भराभर ओढायचा. उशीर झाला की शिडात वारा भरतो आणि मग तोच दोर हाताने हलतसुद्धा नाही, हँडल लावून गरगर फिरवत बसावं लागतं. 'मी नुसती बसणार' असं बजावून आलेल्या जाऊबाई यात सगळ्यात तरबेज निघाल्या. नंतर त्या दुसऱ्या कोणाला विंचला हात लावू देईनात.

आता गैरसोयी. गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच, त्यामुळे अंघोळ म्हणजे समुद्रात पोहून वर तांब्याभर पाणी. संडास हातपंपाचा, त्यात कागदसुद्धा टाकायचा नाही, त्याला वेगळी पिशवी. आमचा पंप पहिल्याच रात्री गळायला लागला. बोट ताब्यात देताना कंपनीच्या माणसाने सामानाची यादी इतक्या घाईने वाचली की पंप चालवून दाखवायचा राहूनच गेला. फोन केल्यावर मात्र पुढच्या बंदरात माणूस हजर होता. त्याने रबरी झडप बदलली आणि आमच्याकडून काही घेतलं नाही. तुम्ही सही करण्याआधी पंप, गॅसचा कॉक आणि नांगराची मोटर स्वतः चालवून बघा आणि असलेल्या ओरखड्यांचे फोटो काढून ठेवा. अनामत रक्कम मोठी असते.

स्किपरचे पैसे मला कुठे वसूल झाले असतील तर बंदरात. इथे बोट धक्क्याला आडवी लावत नाहीत. बरंच आधी पुढून नांगर सोडायचा, साखळी देत देत मागे यायचं आणि पिछाडीचे दोन दोर धक्क्याला बांधायचे. सगळ्यांचेच नांगर समोर पडलेले, त्यामुळे साखळ्या एकमेकींवर चढतात. एका सकाळी आमचा नांगर वर आला तो शेजाऱ्याची साखळी घेऊनच. शेजारी त्याच्या डेकवर उभा राहून हातवारे करत होता. स्किपरने शांतपणे त्या साखळीखालून एक दोर घातला, दोन्ही टोकं बोटीला बांधली, आपला नांगर थोडा खाली सोडून बाजूला काढला आणि मग दोराचं एक टोक सोडून दिलं. साखळी पाण्यात गेली. चार-पाच मिनिटांत काम झालं. हे आमच्यावर असतं तर आम्ही अजून तिथेच असतो.

कॅटामरान, म्हणजे दोन सांगाडे जोडलेली रुंद बोट, घ्यावी का, असं काहींनी विचारलं. ती फारशी कलत नाही, जागा ऐसपैस, लहान मुलं किंवा गुडघे दुखणारी मंडळी असतील तर तीच घ्या. भाडं जास्त, बऱ्याच बंदरांत जागेचे पैसेही जास्त, आणि वाऱ्याच्या तोंडावर ती तितकी चांगली चढत नाही. मला कलणारीच आवडली.

पाचपैकी चार. अर्धा गुण पंपाचा कापला आणि अर्धा कंपनीच्या 'आठवडाभर' या शब्दाचा. बोट शनिवारी संध्याकाळी ताब्यात येते, शुक्रवारी संध्याकाळी मूळ बंदरात परत आणावी लागते आणि शनिवारी सकाळी नाश्त्याआधीच सामान उतरवायला सांगतात. फिरायला मिळतात ते सहा दिवस, त्यातलाही शेवटचा परतीचा. बेटांची यादी त्या हिशोबाने करा.