परड्यातलं 3 बाय 2 मीटरचं ग्रीनहाऊस: बेळगावच्या हवेत नऊ महिने वापरल्यानंतर

ऑनलाइन मागवता येतो तोच हा संच. लोखंडी पाइपच्या चार कमानी, आत जाळीचे धागे असलेलं हिरवं प्लास्टिकचं आवरण, पुढे चेनचं दार आणि बाजूंना गुंडाळून वर बांधायच्या खिडक्या. लांबी 3 मीटर, रुंदी 2, मधली उंची 2. नोव्हेंबरपासून तांबड्या मातीच्या परड्यात उभा आहे. थंडी, उन्हाळा, वळीव आणि जुलैची झड सगळं त्यात पाहून झालं. सांगाडा ठेवण्यासारखा आहे, आवरण मात्र बदलावंच लागतं. असे संच थंड देशांच्या गरजेवर बेतलेले असतात, त्यांचं काम ऊब धरून ठेवणं. बेळगावला ऊब धरायची गरजच नाही. इथे डोक्यावर छप्पर हवं आणि चारी बाजूंनी वारा हवा.

थंडीतल्या नोंदींवरूनच हे कळतं. जानेवारीत पहाटे बाहेर 14 अंश असताना आत 14 ते 15, कधी तर बाहेरइतकंच. साधं पॉलिथिन रात्री जमिनीची उष्णता आकाशाकडे जाऊ देतं, त्यामुळे नुसतं आवरण घालून रात्र उबदार होत नाही. उलट सकाळी आतल्या बाजूने दवाचे थेंब जमतात आणि पानांवर गळतात. पान तीन-चार तास ओलं राहिलं की टोमॅटोवर करपा आणि काकडीवर केवडा हे रोग आलेच. थंडीतसुद्धा सकाळी आठच्या आत दोन्ही टोकं उघडावीत.

उन्हाळ्यात हाच संच भट्टी होतो. एप्रिलमध्ये बाहेर 36 अंश असताना दार-खिडक्या बंद ठेवून दुपारी दोनला आत 49 अंश भरले. जागा जितकी लहान, तितकी आतली हवा लवकर तापते. शिवाय गरम हवा कमानीच्या शेंड्याला साठते आणि खिडक्या असतात कमरेच्या उंचीला, म्हणजे ती बाहेर जायला वाटच नाही. टोमॅटोचे पराग 35 अंशांच्या आसपासच निकामी व्हायला लागतात. फुलं येतात, देठाच्या गाठीशी पिवळी पडतात आणि हात लागताच गळतात. तेव्हा खताच्या मात्रा वाढवून काही उपयोग नसतो.

उपाय असा केला: हिरवं आवरण काढलं आणि फक्त छपरावर 200 मायक्रॉन (0.2 मिलिमीटर) जाडीची, उन्हातल्या अतिनील किरणांना टिकावी म्हणून यूव्ही प्रक्रिया केलेली पारदर्शक फिल्म घातली. ही फिल्म किलोवर घेतली तर एका किलोत साधारण साडेपाच चौरस मीटर बसते. 4 बाय 4 मीटरचा तुकडा पुरतो, म्हणजे तीन किलो. दोन्ही लांब बाजू जमिनीपासून एक मीटरपर्यंत आणि दोन्ही टोकांचे वरचे अर्धगोल 40 मेशच्या (एका इंचात 40 भोकं असलेल्या) कीटकरोधक जाळीने बंद केले. त्याच दिवसांत दुपारचं तापमान 39 वर आलं. फिल्मच्या वर एक फूट अंतर सोडून 50 टक्क्यांचं, म्हणजे निम्मं ऊन अडवणारं शेडनेट ताणल्यावर आणखी दोन अंश उतरले. शेडनेट आतून बांधू नये. ते स्वतः तापतं आणि ती उष्णता आतच राहते. थर्मामीटर सावलीत, झाडाच्या शेंड्याच्या उंचीला टांगावा, उन्हातला आकडा खोटा असतो.

फिल्म पाइपला बांधायला सुतळी वापरू नका, वाऱ्यात घासून फाटते. पॉलीहाऊसवाले वापरतात ती ॲल्युमिनियमची पट्टी आणि झिगझॅग स्प्रिंग मीटरवर मिळते. त्याआधी पाइपवर फिल्म टेकते तिथे पांढरा रंग द्या. तापलेल्या पाइपला टेकलेली फिल्म सगळ्यांत आधी तिथेच कडक होऊन तडकते. गंधकाच्या फवाऱ्यानेही फिल्मचं आयुष्य घटतं, म्हणून भुरीवर (पानांवरच्या पांढऱ्या बुरशीवर) गंधक मारायचं असेल तर ते फिल्मला लागू देऊ नका.

आता वारा. संचासोबत येणाऱ्या वीतभर खुंट्या मुरमाड जमिनीत थोड्या तरी धरतात, पण पावसाने फुगलेल्या तांबड्या मातीतून हाताने उपटता येतात. ताशी 60 किलोमीटरचा वारा चौरस मीटरमागे साधारण 17 किलोचा जोर लावतो. सहा चौरस मीटरच्या छपराला तो शंभर किलोने वर ओढू शकतो, आणि संच रिकामा असताना त्याचं वजन पंधरा-वीस किलो. आठही पायांखाली एक फूट बाय एक फूट, दीड फूट खोल खड्डे घेऊन काँक्रीटमध्ये जाड जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपचे तुकडे उभे करा आणि कमानीचे पाय त्यात घालून बोल्ट मारा. गच्चीवर खड्डे घेता येत नाहीत. तिथे रंगाच्या 20 लिटरच्या डब्यात काँक्रीट भरून पाय रोवावेत. असा एक डबा 45 किलोच्या वर जातो. वळवाच्या दिवसांत आणखी एक पथ्य: आवरण पूर्ण असेल तर दोन्ही टोकं उघडी किंवा दोन्ही बंद. एकच टोक उघडं राहिलं की आत शिरलेला वारा छपराला आतून उचलतो, आणि गारांपेक्षा जास्त नुकसान त्यानेच होतं.

पावसात दोन गोष्टी चुकतात. पहिली, फिल्म सैल राहिली की कमानींमध्ये पाण्याची खोळ होते. दर सेंटीमीटर पाण्याचं वजन चौरस मीटरला दहा किलो, आणि ओझं वाढलं की खोळ आणखी खोल होते. शेंड्यावर आडवा पाइप टाकून आणि कमानींमध्ये नायलॉन दोरी ताणून हे थांबतं. दुसरी चूक जास्त फसवी आहे: बाहेर धो-धो पाऊस आणि आत ग्रो बॅग (झाडं लावायच्या मातीच्या पिशव्या) कोरड्या. छप्पर पाणी अडवतं हे लक्षातच राहत नाही. जुलैमध्येही टोमॅटोच्या मोठ्या झाडाला रोज 300 ते 400 मिली लागतं, एप्रिलमध्ये दीड ते दोन लिटर, सकाळ-संध्याकाळ विभागून. एक दिवस भरपूर आणि दोन दिवस काहीच नाही, असं झालं की फळाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग पडतो. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळात पोचतं, पाणी थांबलं की तेही थांबतं. ठिबकचे ताशी 2 लिटरचे ड्रिपर पुरतात, पण बोअरच्या जड पाण्याने त्यांची तोंडं पांढरी होऊन बुजतात. महिन्यातून एकदा व्हिनेगरच्या पाण्यात अर्धा तास भिजवा.

ग्रो बॅगेत भरायचं मिश्रण: तांबडी माती दोन भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) एक, गांडूळखत एक. कोकोपीटची 5 किलोची वीट भिजून 65-70 लिटर होते. क्षार काढायला दोनदा धुवून पाणी पिळून टाका. बेळगावच्या पश्चिमेकडची तांबडी माती आम्ल असते, म्हणून 20 लिटर मिश्रणाला दोन मोठे चमचे डोलोमाइट (आम्लता कमी करणारी चुनखडीची भुकटी) घालावं.

जाळीने पांढरी माशी बहुतेक बाहेर राहते, पण मधमाशीही बाहेरच राहते. टोमॅटोचं फूल स्वतःचंच परागीकरण करतं, त्याला हलवणारं कुणी तरी हवं. सकाळी दहा ते बारामध्ये आधाराच्या दोरीवर बोटाने टिचकी मारा. फूल उमललेलं आणि हवा कोरडी असेल तर पिवळी धूळ बोटावर उतरलेली दिसते. काकडीचं बी घेताना परागीकरणाशिवाय फळ धरणारं वाण मागा. दोडका, कारली, दुधी यांना परागीकरणासाठी कीटक लागतात, म्हणून ती आत लावू नयेत. फुलकिडे 40 मेशमधूनही शिरतात. लाल कोळी उन्हाळ्यात येतात: पानाच्या वरून बारीक पांढरे ठिपके, खालून बारीक जाळं. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांची खालची बाजू धुणं आणि आठवड्याने लिटरला 5 मिली निंबोळी तेल साबणाच्या थेंबांसह, हे सुरुवातीलाच केलं तर आटोक्यात येतात.

नऊ महिन्यांत सगळ्यांत जास्त परतावा दिला तो कोथिंबिरीने. बाहेर जुलैमध्ये मुळं सडतात, पानं चिखलाने माखतात. आत धणे रगडून, रात्रभर भिजवून पेरले की 40-45 दिवसांत जुडी. मेथी पंचवीस दिवसांत. संकेश्वरी मिरचीची रोपं 98 खणांच्या ट्रेमध्ये मे महिन्यात धरली आणि वळवाच्या माऱ्यापासून वाचली. टोमॅटोने मात्र जुलैमध्ये निराशा केली. करपा लागला नाही, पण ढगाळ उजेडात झाडं उंच, बारीक झाली आणि फळ कमी धरलं. पावसाळ्यात पालेभाज्या आणि रोपं, ऑक्टोबरपासून टोमॅटो आणि ढोबळी, असाच क्रम इथे चालतो.

खानापूर-जांबोटीकडे पाऊस बेळगावपेक्षा किती तरी जास्त, तिथे कमानींमधलं अंतर 75 सेंटीमीटरच ठेवा आणि छपराच्या दोन्ही बाजूंना खडी भरलेले चर काढा. अथणी-रायबागकडे पाऊस कमी आणि ऊन जास्त, तिथे या संचाऐवजी त्याच पैशांत नुसतं शेडनेट घर बांधलेलं बरं.