डोंगर-जंगलात भटकणाऱ्यांनी कोणत्या साइटला वेळ द्यावा?

भटकंतीची आवड आहे आणि आपल्यामुळे निसर्गाला कमीत कमी त्रास व्हावा असंही वाटतं, अशा माणसासाठी इंटरनेटवर ढीगभर मजकूर आहे. त्यातला बराचसा शेवटी नवी बाटली किंवा नवं जॅकेट विकायला येतो. तो बाजूला काढला की मोजकीच ठिकाणं उरतात. त्यातलं एक निवडायचं तर आधी स्वतःचा भार कुठून पडतो ते बघा: प्रवासातून, सामानातून की वाटेवरच्या सवयींमधून?

सगळे पहिलं नाव सांगतात ते ‘लीव्ह नो ट्रेस’चं. 1994 पासून ना-नफा तत्त्वावर चालणारी ही अमेरिकी संस्था. तिची सात तत्त्वं फलकावर वाचली तर सुविचारांसारखी वाटतात. खरं मोल आहे तपशिलात. शौचासाठी खड्डा 6 ते 8 इंच खोल खणायचा, तोही पाण्यापासून 200 फूट, म्हणजे मोठ्या माणसाची साधारण 70 पावलं लांब. वाटेवर चिखल असला तरी मधूनच चालायचं, कारण कडेकडेने गेलं की झाडोरा तुडवला जातो आणि वाट रुंद होत जाते. नवख्यांनी आणि विशेषतः ग्रुप घेऊन जाणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. मात्र या तत्त्वांचा सगळा भर वाट आणि मुक्काम यांवर आहे. वाटेच्या तोंडाशी तुम्ही कसे पोचलात, याकडे ती फारशी वळत नाहीत.

आणि दर सुट्टीला लांब जाणाऱ्यांचा मोठा भार त्या प्रवासातूनच पडतो. त्यासाठी ‘अवर वर्ल्ड इन डेटा’ या आकडेवारीच्या साइटवरचा प्रवासाचा तक्ता बघा. ब्रिटिश सरकारच्या आकडेवारीनुसार एका प्रवाशामागे एका किलोमीटरला देशांतर्गत विमानाचं कार्बन उत्सर्जन सुमारे 246 ग्रॅम, एकट्याने चालवलेल्या पेट्रोल गाडीचं 170 आणि रेल्वेचं 35. त्याच गाडीत चौघे बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला 43 च्या आसपास येतात, म्हणजे रेल्वेच्या बरंच जवळ. इतर देशांत आकडे बदलतील, पण एकट्याच्या आणि चौघांनी भरलेल्या गाडीतला फरक कुठेही साधारण चौपटच राहतो. हा तक्ता एकदा नीट बघितला की पुरे. प्रत्यक्ष बेत आखायला ‘द मॅन इन सीट सिक्स्टी-वन’ कामाचं: रेल्वेत नोकरी केलेल्या मार्क स्मिथ यांनी 2001 मध्ये सुरू केलेली साइट. पानं लांबलचक आहेत, पण गाडी कुठे बदलायची, तिकीट कुठे काढायचं हे इतक्या बारकाईने क्वचितच कुणी लिहितं.

सामानाच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. ‘पर्यावरणपूरक’ खरेदीच्या याद्या वाचण्यापेक्षा ‘आयफिक्सइट’ उघडा. 2003 पासूनची ही साइट मोबाइल-लॅपटॉपसाठी ओळखली जाते, पण तंबू, सॅक, जॅकेट यांच्या दुरुस्तीचेही सचित्र धडे तिथे फुकट आहेत. चेनचंच घ्या. चेन लावली तरी मागून उघडत असेल तर बहुतेक वेळा दाते शाबूत असतात, झिजलेला असतो तो रनर. पकडीने तो हलकेच दाबला तर काही दिवस निभावतं. नवा बसवला की जॅकेट पुन्हा वापरात. पावसाळी जॅकेटचंही तसंच. बाहेरचं कापड पाणी प्यायला लागलं की लोक ते बाद समजतात. पुष्कळदा आतला पडदा ठीक असतो, फक्त मळ आणि साबणाच्या थरामुळे वरचा जलरोधक लेप काम करत नाही. लेबल बघून योग्य द्रावणाने धुवा आणि मंद उष्णतेवर वाळवा, कापडावर पाण्याचे थेंब पुन्हा उभे राहू लागतात. राहिले नाहीत तर लेप नव्याने देता येतो. आयफिक्सइटची अडचण एकच: धडे लोकांनी लिहिलेले, त्यामुळे दर्जा कमी-जास्त. खालच्या टिप्पण्या वाचूनच हत्यार हातात घ्यावं.

निसर्गाच्या नोंदी करायच्या असतील तर निवड ‘आयनॅचरलिस्ट’ आणि ‘ईबर्ड’मध्ये. फक्त पक्षी बघत असाल तर ईबर्ड; कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचा हा उपक्रम 2002 पासून चालू आहे. दिसलेल्या आणि ओळखता आलेल्या सगळ्या पक्ष्यांची यादी द्यायची ही त्याची शिस्त, आणि त्यामुळेच काय दिसलं नाही तेही अभ्यासकांना कळतं. झाडं, कीटक, बुरशी असं सगळंच खुणावत असेल तर आयनॅचरलिस्ट. फोटो टाकला की इतर लोक ओळख पटवायला मदत करतात. संकटग्रस्त प्रजातींचं नेमकं ठिकाण तिथे आपोआप धूसर केलं जातं, पण तोच फोटो तुम्ही समाजमाध्यमावर जागेच्या नावासकट टाकलात तर त्या धूसरपणाचा काही उपयोग नाही. लहान मुलं सोबत असतील तर आयनॅचरलिस्टचंच ‘सीक’ हे ॲप घ्या. खातं उघडावं लागत नाही.