पिकअप ओढत नाही, उभ्या उभ्या थरथरते: गावचा मिस्त्री, पंप-नोझलवाला की स्कॅनर?

कापसाचा सीझन लागला की जिनिंगसमोरच्या रांगेत एखादी तरी जुनी पिकअप मिसिंग मारत (एखादा सिलिंडर नीट न पेटल्याने अडखळत) उभी दिसते. रिकामी असली तर चालून जाते. माल भरला की तिसऱ्या गिअरच्या वर जायचं नाव घेत नाही. मालकापुढे तीन वाटा असतात: गावातला मिस्त्री, तालुक्याचा पंप-नोझलवाला (डिझेल पंप आणि सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी नोझल दुरुस्त करणारा), नाहीतर जिल्ह्याच्या ठिकाणचं स्कॅनरवालं (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं मशीन असलेलं) गॅरेज. तिघंही कामाचे. पण उलट्या क्रमाने गेलात तर बिल तिघांचंही भरावं लागतं.

आधी बॉनेट उघडून नोझलकडे पाहा. प्रत्येक नोझलच्या डोक्यावर वायरचा प्लग असेल तर गाडी कॉमन रेल, म्हणजे सगळ्या नोझलला एकाच जाड नळीतून (रेलमधून) जोरात दाबलेलं डिझेल मिळतं आणि नोझल संगणक चालवतो. नुसत्या लोखंडी नळ्या असतील तर जुना मेकॅनिकल पंप. एप्रिल २०१७ पासून बीएस-४ हा धुराच्या प्रदूषणाचा नियम देशभर लागू झाला, त्यानंतरच्या डिझेल पिकअप बहुतेक कॉमन रेलच. कोणाकडे जायचं हे या एका गोष्टीवर निम्मं ठरतं.

मेकॅनिकल पंपाच्या गाडीला गावचा जुना मिस्त्री सगळ्यात भारी, असं माझं स्पष्ट मत. त्याला मशीन लागत नाही. इंजिन स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवून तो एकेका नोझलच्या नळीचा नट पान्याने जरासा ढिला करतो. नट ढिला केल्यावर इंजिन आणखी धडपडलं तर तो सिलिंडर काम करत होता. आवाजात काहीच फरक पडला नाही तर आजारी सिलिंडर तोच. मग तो तिथलं नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहतो. दोष नोझलसोबत सरकला तर नोझल खराब. जागेवरच राहिला तर टॅपेट, व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा नीट दाबली जाते का) बघावं लागतं. अर्ध्या तासात, फारसा खर्च न होता, एवढं कळतं.

हीच ट्रिक कॉमन रेलवर कोणी करू लागला तर त्याचा हात धरा. टायरमध्ये साडेतीन-चार बार हवा असते. रेलमधलं डिझेल हजार बारच्याही वर जातं. ती धार कातडी फोडून आत शिरते, आणि जखम दिसायला लहान असली तरी हात जाऊ शकतो. शिवाय या गाड्यांच्या बहुतेक नोझलला कोड असतो, तो संगणकात भरावा लागतो. त्यामुळे अदलाबदलीचा प्रयोग इथे तितका सरळ नाही.

तिथे स्कॅनरच बरा. मात्र नुसता एरर कोड वाचून पार्ट बदलणाऱ्यापासून लांब राहा. संगणकाने मागितलेलं रेल प्रेशर आणि प्रत्यक्ष मिळणारं प्रेशर यात किती फरक आहे, स्लोवर कोणत्या सिलिंडरला जास्त डिझेल देऊन सांभाळून घ्यावं लागतंय, हे चालू इंजिनवर दाखवणारा माणूस शोधा. प्रेशर कमी पडत असेल तर नोझलच्या रिटर्न नळ्यांना चार बाटल्या लावतात. ज्या बाटलीत डिझेल भराभर जमतं ते नोझल आतून गळतंय. चेक लाइट लागून गाडी ठरावीक आरपीएमच्या वर जातच नसेल तर गावात वेळ घालवू नका. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारी झडप) काजळीने उघडा अडकला तरी असंच होतं, आणि तो साफ करणं नव्या नोझलपेक्षा कितीतरी स्वस्त.

पंप-नोझलवाला या दोघांच्या नंतरचा. टेस्ट बेंच (पंप-नोझल गाडीतून काढून तपासायचं मशीन) त्याच्याकडेच असतो, त्याला पर्याय नाही. पण त्याच्या दारात गेलेल्या गाडीला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: "भाऊ, पंप उतरवा लागते." लागतही असेल. पण आधी डिझेल फिल्टर तपासला का, हे विचारा. शेतावर ड्रममध्ये ठेवलेलं डिझेल टाकणाऱ्यांनी तर फिल्टरखालचा बोल्ट सोडून पाणी निघतं का ते बघायलाच हवं. डिझेलची नळी कुठे हवा धरत असेल तरी गाडी स्लोवर डळमळते. टाकी ते फिल्टरमधल्या एका तुकड्याला पारदर्शक नळी लावली की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

धुराने अंदाज येतो. काळा धूर म्हणजे बहुधा हवा कमी: एअर फिल्टरमध्ये धूळ आणि कापसाचे तंतू, किंवा टर्बोचा (इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याचा) होज फाटलेला. वणीकडच्या कोळशाच्या रस्त्यावर चालणाऱ्यांनी तर पहिला हात एअर फिल्टरलाच घालावा. पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा वास असेल तर नोझल, टायमिंग किंवा कॉम्प्रेशन. निळा म्हणजे ऑइल जळतंय. चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून धुराचे झटके येत असतील तर पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा, मग पंपावर पैसा घालणं वाया.

धूर नाही, इंजिन गुळगुळीत, आणि चिखलदऱ्याच्या घाटात आरपीएम चढतात पण गाडी चढत नाही? मग ती क्लच प्लेट. तिघांपैकी कोणीही बदलून देईल, गावचा मिस्त्री सगळ्यात स्वस्तात.

पंप उतरवायचं ठरलंच तर बेंचवरची मोजमापाची चिठ्ठी मागा, दुरुस्तीआधीची आणि नंतरची, आणि बदललेले जुने पार्ट घरी घेऊन या. कुरकुर करणाऱ्याकडे गाडी टाकू नका, मग तो कितीही स्वस्तात करून देत असू द्या.