फुग्यांचे प्राणी करायला शिकताय? किट घ्यावं की सुटं, १६०, २६० की ३५०

मुलांच्या वाढदिवसाला स्वतःच फुग्यांचे कुत्रे, ससे करून द्यायचे असं ठरवलं की ऑनलाइन शोधताना सगळ्यात आधी किट दिसतं, म्हणजे भरपूर लांब फुगे, एक पंप आणि चित्रांचं छोटं पुस्तक, आणि किंमत पण कमी वाटते. माझं स्पष्ट मत आहे की किट घेऊ नका. तेच पैसे चांगल्या फुग्यांच्या एका पाकिटावर आणि साध्या हातपंपावर घाला, चित्रं-व्हिडिओ तर फुकट बघायला मिळतात.

कारण सांगतो. बेसिक कुत्र्यात तीन-तीन गोळ्यांचे (पीळ देऊन वेगळे केलेले फुग्याचे भाग) तीन गट असतात, तोंड आणि दोन कान, मग मान आणि पुढचे दोन पाय, मग पोट आणि मागचे दोन पाय, आणि उरलं ते शेपूट. प्रत्येक गटात दुसरा-तिसरा गोळा शेजारी आणून दोघांना एकत्र पीळ द्यायचा की ते लॉक होतात. म्हणजे एकाच फुग्याला दहा-बारा वेळा पिळायचंय आणि रबर रबरावर घासणार. स्वस्त किटमधल्या फुग्यांत रबराची जाडी सारखी नसते, एका जागी पातळ, एका जागी जाड, मग मागच्या पायापर्यंत आलं की फटकन फुटतो, समोर पोरगं उभं असतं आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्या हातातच काहीतरी चुकतंय. बरेच जण इथेच सोडून देतात, आणि दोष असतो फुग्याचा!

आता साईज. पाकिटावरच्या नंबरातला पहिला आकडा म्हणजे फुगवल्यावरची जाडी इंचात आणि पुढचे दोन म्हणजे लांबी, तर २६० म्हणजे २ इंच जाड ६० इंच लांब. १६० हा १ इंचाचा, नाजूक दिसतो, उंदीर किंवा मोठ्या प्राण्याचे बारीक हात-मिशा यासाठी एकदम मस्त, पण फुगवायला सगळ्यात अवघड हाच, आणि नवीन माणसाच्या बोटांतून ते छोटे गोळे निसटतात. ३५० म्हणजे ३ इंच जाड ५० इंच लांब, घोड्याचं किंवा हत्तीचं धड त्यात छान भरतं, पण लांबी कमी, जाडी जास्त, त्यामुळे पीळ कमी बसतात. शिकायला २६०च, यात मला तरी शंका नाही, बहुतेक सगळे व्हिडिओही त्याच मापाचे असतात.

ब्रँडमध्ये क्वालाटेक्स (अमेरिकन, पाकिटावर २६०क्यू असतं) आणि सेम्परटेक्स (कोलंबियाचा) हे दोन जगभर वापरले जातात. माझ्या हाताला क्वालाटेक्स मऊ लागतो, पीळ पटकन बसतो, सेम्परटेक्स जरा टणक. नवीन असाल तर मऊ बरा. क्रॉफर्ड मार्केट किंवा पुण्यात बोहरी आळीत सुटे लांब फुगे स्वस्तात मिळाले तर घ्यायच्या आधी एक ओढून बघा, सोडल्यावर लगेच मूळ लांबीवर आला पाहिजे, ढिला राहिला किंवा चिकट लागला तर माल जुना आहे. घरी आणल्यावर पण ऊन लागू देऊ नका, डब्यात बंद करून अंधारात ठेवा.

पंपाबद्दल थोडक्यात. तोंडाने फुगवायच्या भानगडीत पडूच नका. हातपंप घेताना ढकलताना आणि ओढताना दोन्हीकडून हवा देणारा घ्या, आणि किती वेळा मारला ते मोजा म्हणजे प्रत्येक वेळी टोकाला सारखीच शेपटी, म्हणजे न फुगवलेला भाग, मोकळी राहते. कुत्र्याला चार बोटं शेपटी पुरते, जास्त पीळ असलेल्या प्राण्याला जास्त सोडा, कारण प्रत्येक पिळाला हवा पुढे सरकते आणि तिला जागा लागते. गाठ मारायच्या आधी थोडीशी हवा सोडून द्या, फुगा मऊ होतो, हे केलं की फुटणं खूप कमी होतं. इलेक्ट्रिक पंप मोठ्या पार्टीसाठी ठीक, पण आवाज खूप आणि शिकताना हवा नेमकी किती गेली ते हाताला कळत नाही.

पहिला प्राणी कुठला, तर कुत्रा. तो जमला की कान लांब केले की ससा, मान लांब केली की जिराफ, पोट लांब केलं की डॅशहुंड, पीळ तेच. हंस बऱ्याच जणांना सोपा वाटतो कारण पीळ कमी, पण मान वळवून तिला आकार द्यायला सराव लागतो, दुसऱ्या नंबरला ठेवा. अस्वल, माकड यांना छोटा गोळा मुडपून कानासारखा पिळावा लागतो, ते नंतर.

आणि हो, ८ वर्षांखालच्या मुलांच्या हातात न फुगवलेला फुगा किंवा फुटलेले तुकडे अजिबात ठेवू नका, घशात अडकतात. कार्यक्रमात एक मोठं माणूस फक्त तुकडे उचलायला ठेवा, आणि येणाऱ्या मुलांपैकी कुणाला लॅटेक्सची ॲलर्जी आहे का ते त्यांच्या आईबाबांना आधीच विचारून घ्या.