कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक : एका अख्ख्या मोसमाचा अनुभव

गाव वैभववाडी तालुक्यात, नोकरी ठाण्यात, आणि गावी आईवडील थकलेले. त्यामुळे पाऊस असो नसो, जावंच लागतं. पावसाळ्यात दरडींच्या धोक्यामुळे कोकण रेल्वेच्या गाड्या कमी वेगाने, वेगळ्या वेळापत्रकाने धावतात. 2025 चं हे पावसाळी वेळापत्रक 15 जूनला लागलं आणि 20 ऑक्टोबरला उठलं. आधीच्या वर्षांत ते 10 जून ते 31 ऑक्टोबर असायचं, यंदा पंधरवडाभर आखडलं. हा सगळा मोसम मी याच गाड्यांनी काढला.

गाड्या हळू चालतात याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली. आमच्या भागात हे कुणी विसरलेलं नाही. आता पावसात वीर ते कणकवली पट्ट्यात वेग ताशी 75 किलोमीटरवर आणतात. पुढचं दिसेनासं झालं तर 40. दोन तास जास्त लागतात, लागू देत.

हे वेळापत्रक ज्यांच्या जिवावर चालतं ती माणसं आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण झोपलेलो असतो. जुलैतल्या एका रात्री रत्नागिरीच्या पुढे गाडी अगदी रांगत होती म्हणून दाराशी गेलो. जांभ्याच्या कटिंगमधून लाल पाणी धो धो उतरत होतं, डोंगराला मारलेल्या लोखंडी जाळीत धोंडे अडकून फुगवटा आला होता. त्याखाली रेनकोट घातलेला गस्तवाला हिरवा दिवा धरून उभा होता. शेवटचा डबा जाईपर्यंत हात खाली आला नाही. दरड दिसली तर याच माणसाने लाल दिवा घेऊन गाडीच्या दिशेने धावायचं, रुळावर फटाके लावायचे, म्हणजे चाकाखाली वाजून चालक सावध होतो. नऊ स्टेशनांवर पर्जन्यमापक आहेत, रत्नागिरीजवळच्या पनवल, तसंच मांडवी, झुआरी आणि शरावतीच्या पुलांवर वारा मोजतात. उपयोग आहेच त्यांचा. पण दरड पहिल्यांदा दिसते ती पायी चालणाऱ्यालाच.

वेग उतरला की माणसांचं आणि रेकचं, म्हणजे गाडीच्या डब्यांच्या संचाचं, सगळं गणित फिरतं. मुंबईहून सुटणारी वंदे भारत एरवी पावणेआठ तासांत मडगावला पोचून त्याच दिवशी परत येते, म्हणून आठवड्यात सहा दिवस धावते. पावसात तिला एका बाजूलाच दहा तास लागतात. मग आज जाणार, उद्या येणार, म्हणजे आठवड्यात तीनच दिवस. लोको पायलट आणि गार्डचंही तेच. अंतर तेवढंच, पण ड्युटीचे तास वाढतात आणि तेवढ्याच गाड्यांना माणसं जास्त लागतात.

आणि नेमके याच दिवसांत गणपती येतात. यंदा चतुर्थी 27 ऑगस्टला होती. चाकरमान्यांसाठी ढिगाने स्पेशल सोडतात, त्या हव्यातच. पण रोहा ते वीर हा 46 किलोमीटरचा तुकडा सोडला तर मार्ग एकेरी आहे. प्रत्येक वाढीव गाडीसाठी कुणीतरी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभं राहायचं. बहुतेकदा ती पाळी दिव्याहून सुटणाऱ्या सावंतवाडी पॅसेंजरची, म्हणजे ज्यांना रिझर्वेशन मिळालेलं नाही त्यांची. बाया, पोरं, मखराचं सामान, आणि समोरून एक्स्प्रेस जाईपर्यंत सगळे तिथेच. स्टेशन मास्तरला एकामागून एक क्रॉसिंग, म्हणजे समोरासमोरच्या गाड्यांना वाट देणं, घ्यायची असतात, वर फलाटावरच्या लोकांचं बोलणंही त्यालाच खावं लागतं. स्पेशलची वेळ छापताना क्रॉसिंगचा वेळ खरा धरा आणि त्या दहा-बारा दिवसांसाठी जादा क्रू आधीच उभा करा. मार्गाचं दुहेरीकरण होईल तेव्हा होईल, एवढं तर आत्ताही जमण्यासारखं आहे.

बाकी खाणंपिणं, स्वच्छता नेहमीसारखी. त्यावर वेगळं लिहावं असं काही नाही.

पावसात जाणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. रिझर्वेशन आता 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये काढलेलं जूनचं तिकीट असेल तर निघायच्या आदल्या दिवशी वेळ पुन्हा बघा. परतीच्या काही गाड्या गावाकडून नेहमीपेक्षा लवकर सुटतात, आणि स्टेशनवर पोचल्यावर ते कळून उपयोग नसतो. वयस्कर माणसं बरोबर असतील तर रात्रीच्या गाडीपेक्षा दिवसा धावणारी मांडवी एक्स्प्रेस घ्या. मध्येच अडकायची वेळ आलीच तर दिवसाउजेडी चहा, पाणी, रिक्षा काहीतरी मिळतं. गणपतीला मी स्वतः यापुढे चतुर्थीच्या आदल्या दिवशीची गाडी धरणार नाही, दोन दिवस आधीच निघेन.