वाळवीचा वार्षिक करार करण्याआधी हे वाचा

मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, बंद घरं उघडतात आणि नेमके त्याच दिवसांत पेस्ट कंट्रोलवाले वाडीवाडीतून फिरायला लागतात. सगळे लबाड नसतात. आमच्याकडे गेल्या वर्षी आलेला मात्र लबाड निघाला. एकाच पावतीपुस्तकावर त्याने आमच्या नात्यातल्या तीन घरांचे पैसे उचलले: लांज्याजवळचं आमचं चिऱ्याचं कौलारू घर, भावाचा रत्नागिरीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आणि आत्याचा गुहागरचा होम-स्टे. आता पुन्हा तेच दिवस येतायत, म्हणून सविस्तर लिहितोय.

गळ्यात ओळखपत्र, हातात छापील करार, बोलणं अगदी घरच्यासारखं. "काका, तीन वर्षांची गॅरंटी. दर तीन महिन्यांनी आमचा माणूस येणार. वाळवी, झुरळं, ढेकूण, सगळं एकातच." बाबांनी विचारलं, औषध कुठलं? तर म्हणे हर्बल आहे, वास नाही, लहान मुलं घरात असली तरी चालतं. एकट्या गावच्या घराचे 14,000 रुपये त्याने आधीच घेतले. दुसऱ्या दिवशी दोन पोरं आली, भिंतीच्या कडेने फरशीला भोकं पाडली, पाठीवरच्या पंपाने त्यांत काहीतरी मारलं आणि पांढऱ्या सिमेंटने भोकं बुजवून दुपारच्या जेवणाआधी निघूनही गेली.

गणपतीला घर उघडलं. आईने माजघराच्या चौकटीला हात टेकला, तर रंगाचा पापुद्रा फुटून बोटं थेट आत गेली. बाहेरून चौकट शाबूत आणि आत नुसती माती. भाल (छप्पर पेलणारी तुळई) जिथे भिंतीत शिरतो तिथलं लाकूडही वाजवल्यावर पोकळ वाजत होतं. आजोबांनी घरच्या फणसाचा घातलेला भाल आहे तो, त्याची भरपाई कुठल्याही पावतीने होणार नाही. गावातल्या गवंड्याने बुजवलेली भोकं उकरून पाहिली. ड्रिल फरशीतच थांबलं होतं. खालच्या मातीपर्यंत औषध जायला वाटच नव्हती.

वाळवी लाकडात दिसते, पण तिचं घर जमिनीत असतं. चिऱ्याच्या भिंतीत मातीचे सांधे असले की ती आतल्या आत वर चढते, बाहेर मातीची नळी दिसायच्या आधीच वाशांना लागते. म्हणून औषध मातीत उतरलंच पाहिजे. बांधून झालेल्या घरांसाठी भारतीय मानक 6313 चा तिसरा भाग आहे. त्यात भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण 30 सेंटिमीटर अंतरावर 12 मिलिमीटरची भोकं पाडून, प्रत्येक भोकात मातीने घेणं थांबेपर्यंत, जास्तीत जास्त एक लिटर द्रावण सोडायला सांगितलंय. आता हिशेब करा. आमच्या घराच्या आतल्या भिंती धरल्या तर शंभरावर भोकं लागतात. पाठीवरचा पंप साधारण 16 लिटरचा, आणि त्या पोरांनी तो पुन्हा भरलाच नाही. काम चालू असताना एवढंच मोजलं तरी खरंखोटं कळतं.

दुसरी खूण डोळ्यांना दिसते. क्लोरपायरीफॉस 20 ईसी (म्हणजे 20 टक्के तीव्रतेचं, पाण्यात मिसळायचं) हे औषध वाळवीसाठी वापरतात. एक लिटर औषधाला 19 लिटर पाणी घातलं की एक टक्क्याचं द्रावण होतं आणि पाणी दुधासारखं पांढरं पडतं. बाटलीचं सील तुमच्यासमोर फोडायला सांगा, मिसळणी तुमच्यासमोर करायला सांगा. तयार पंप पाठीवर घेऊन येणाऱ्याला उंबऱ्याबाहेरच थांबवा.

करारातली जुलैची फेरी तर निव्वळ सही घेण्यासाठी होती. चावी शेजारच्या काकींकडे असते. त्या सांगतात, भर पावसात एकजण आला, जोत्याभोवती आणि विहिरीकडच्या गटारात फवारा मारला आणि वहीवर सही घेऊन गेला. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. ओल्या मातीवर मारलेलं औषध वाहून जातं, आणि विहिरीजवळ मारणं म्हणजे पिण्याच्या पाण्याशी खेळ. ज्याला हे काम कळतं तो बाहेरच्या मातीचं काम पावसाआधी कोरड्या जमिनीतच उरकतो.

भावाच्या फ्लॅटमध्ये वाळवी पाइपांच्या डक्टमधून वर आली होती. तिथे तळमजल्यापासून सोसायटीने मिळून काम करायला हवं. एका फ्लॅटच्या कपाटामागे फवारून काय होणार? आत्याकडे ढेकणांचा त्रास होता. ढेकणांची अंडी फवाऱ्याने बहुधा मरत नाहीत, आठ-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांच्या आत दुसरी फेरी लागते. तिच्या करारात दुसरी फेरी तीन महिन्यांनी होती. तोवर पर्यटकांनी खोल्यांबद्दल वाईट लिहून टाकलं आणि दिवाळीचं बुकिंग गेलं. तीन घरं, तीन वेगळे त्रास आणि करारपत्र मात्र शब्दनशब्द एकच. न बघता भाव सांगणारा माणूस यापेक्षा जास्त काही करतच नसतो.

'हर्बल' ऐकून गप्प बसू नका. कीटकनाशक कायदा 1968 चा आहे. नोंदणी झालेल्या औषधाच्या बाटलीवर नोंदणी क्रमांक आणि विषाची तीव्रता दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. पेस्ट कंट्रोलचा धंदा करणाऱ्याला वेगळा परवाना लागतो. त्याची प्रत मागा आणि तालुक्याच्या कृषी कार्यालयात दाखवून विचारा. आमच्या पावतीवरचा परवाना क्रमांक तिथे कुणालाच सापडला नाही. फोन तर दिवाळीपासून बंदच आहे.

आम्ही आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, आणि तक्रार प्रकार घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते. पावती, करारपत्र, पैसे पाठवल्याचा पुरावा, भोकांचे आणि चौकटीचे फोटो, गवंड्याचा लेखी जबाब असं सगळं जोडलंय. तुमच्या घरी तीन वर्षांच्या गॅरंटीचं असं करारपत्र पडलेलं असेल तर ते जपून ठेवा, एक भोक गवंड्याकडून उकरून घ्या आणि बुजवण्याआधी त्याचा फोटो काढा.