‘एक देश एक रेशनकार्ड’ : द्राक्षबागेतल्या मजुरांना कितपत कामाचं? माझ्याकडून ५ पैकी ४

आमची नाशिकजवळ मखमलाबादला द्राक्षाची बाग आहे. दिवाळीच्या आगेमागे पेठ-सुरगाण्याच्या डोंगराळ भागातून मजुरांच्या टोळ्या येतात, विरळणी (घडातले जादा मणी काढणं), डिपिंग (घड औषधाच्या पाण्यात बुडवणं), मग काढणी असं करत होळीपर्यंत बागेच्या कडेला शेडमध्येच राहतात, होळीला मात्र काही झालं तरी गावी जाणारच. या लोकांना त्यांच्या गावच्या कार्डावर नाशिकच्या कुठल्याही रेशन दुकानात धान्य मिळतं आणि ही सोय बऱ्याच बागायतदारांना तर सोडाच, खुद्द मजुरांनाही माहीत नसते, म्हणून हा रिव्ह्यू.

आधी हे सांगतो की सोय खरंच चालते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगणा अशा जोड्यांनी सुरुवात झाली, २०२२ पर्यंत सगळी राज्यं आली. म्हणजे आपल्याकडची जी माणसं नाशिकऐवजी वलसाड-सुरतकडे कामाला जातात त्यांनाही तिकडे धान्य उचलता येतं. दुकानात गेलं की कार्डाचा बारा अंकी नंबर सांगायचा, कार्डात नाव असलेल्या कुणीही मशीनवर अंगठा द्यायचा, स्क्रीनवर महिन्याचं किती शिल्लक आहे ते दिसतं आणि पावती निघते. माणशी ५ किलो, अंत्योदय (अगदी गरीब घरांचं) कार्ड असेल तर कार्डाला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून तांदूळ-गव्हाला एक रुपयाही द्यायचा नाही. पाच माणसांचं कार्ड असेल तर २५ किलो होतं, तेवढं बाहेर विकत घ्यायचं म्हटलं तर किती दिवसांचा रोज त्यातच जातो ते ज्याचं त्याने मोजून बघावं.

ही माणसं का येतात हे कळलं की सोयीची किंमत कळते. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक, इगतपुरीला पाऊस धो धो पडतो पण उतारावरून सगळा वाहून जातो, भात, नागली, वरई असं एकच पीक, आणि मार्चपासून बाया हंडे घेऊन विहिरीच्या तळाशी. त्यात आता कापलेलं भात शेतात आडवं असताना पाऊस येतो आणि वर्षभराचा दाणा काळा पडतो. मग उचल म्हणजे आगाऊ पैसे घेऊन खाली नाशिककडे यायचं. आणि खाली तरी काय, २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-दिंडोरीकडे गारपीट झाली तेव्हा एका संध्याकाळीत बागा झोडपल्या गेल्या, माल गेला म्हणजे विरळणीचं कामही गेलं. बागायतदाराचा पंचनामा होतो, भरपाई कमी का होईना कागदावर येते, पण ज्या टोळीने त्या बागेत उक्तं काम घेतलं होतं तिच्या बुडालेल्या रोजाचा पंचनामा करायला कुणी येत नाही, तसा रकानाच नाही. रोजगार हमीचं जॉबकार्ड गावाला बांधलेलं, पोरांची शाळा गावाला, घर गावाला. माणसासोबत खाली उतरतं ते एवढं एक रेशन. म्हणून मी याला जपायची गोष्ट म्हणतो.

आता एक स्टार का कापला ते.

अंगठा. विरळणी आणि डिपिंग करून बोटांची पार साल निघालेली असते, मशीन घेतच नाही. आमच्याकडच्या एका ताईंनी अंगठा पदराला पुसला, मग केसांच्या तेलावरून फिरवला, मग दुसऱ्या हाताचा लावून बघितला, मागे लाईन वाढत चाललेली आणि त्या ओशाळून बाजूला झाल्या. डोळ्याचं स्कॅनर आता बऱ्याच मशीनला आहे, ते स्वतःहून पुढे करायला काय जातं? पण मागितल्याशिवाय कुणी करत नाही, आणि मागायचं असतं हे त्या ताईंना कोण सांगणार.

दुसरं म्हणजे ‘तुमचं दुकान तिकडं, इथला माल इथल्यांना’ हे उत्तर. ते चुकीचं आहे. दुकानदाराचीही बाजू आहे, महिनाअखेरीला त्याच्याकडे साठा उरत नाही आणि बाहेरचे किती येतील ते त्याला माहीत नसतं, पण बाहेरच्या कार्डावरही त्याला कमिशन मिळतंच, २०२५ मध्ये ते क्विंटलला १५० चं १७० रुपये झालंय. महिन्याच्या सुरुवातीला गेलं तर हा वाद बहुतेक होत नाही.

तिसरं, म्हातारी माणसं. आजी-आजोबा गावीच राहतात. इथे सगळं धान्य उचललं तर तिकडे त्यांना शून्य. नियमाने थोडं इथे आणि बाकीचं गावी असं घेता येतं, पण दुकानात घाई असते, सगळंच मापलं जातं. तेव्हा आधीच ठणकावून सांगायचं, ‘एवढंच द्या, बाकी कार्डावर राहू द्या’.

आणि सगळ्यात मोठी अडचण दुकानात नाहीच. लग्न होऊन आलेली सून, नंतर झालेली दोन लेकरं, यांची नावं कार्डात चढत नाहीत कारण इष्टांक, म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं त्याची ठरलेली मर्यादा, संपलेला. राज्याचा इष्टांक साधारण ७ कोटी, तो ठरला २०११ च्या जनगणनेवर, आणि त्यानंतर जनगणनाच झाली नाही, पुढची २०२७ ला. नाशिक शहरच २००१ ला पावणेअकरा लाख होतं ते २०११ ला जवळपास १५ लाख झालं, त्यानंतर नाशिक किती फुगलं ते दिंडोरी रोडने म्हसरूळपर्यंत गेलं तरी दिसतं. या धान्यासाठी उत्पन्नाची अट अजून शहरात वर्षाला ५९ हजार आणि खेड्यात ४४ हजार. नवरा-बायको दोघं हंगामभर राबले की या आकड्याच्या पुढे जायला कितीसा वेळ लागतो? माणसं वाढली, हलली, पाऊस बदलला आणि यादी तिथेच उभी आहे. हे बदलायलाच हवं आणि त्यासाठी आपल्या आमदार-खासदारांना विचारायला हवं, मजुरांनी एकट्याने नाही, आपण बागायतदारांनीही.

तोवर एवढं करा. टोळी ठरवून उचल देताना मुकादमाकडे प्रत्येक घराच्या कार्डाचा नंबरही मागा. ई-केवायसी (आधारवरून कार्डातल्या माणसांची ओळख पटवणं) राहिली असेल तर ती कुठल्याही रेशन दुकानात होते, गावी जायची गरज नाही, अंगठा लागत नसेल तर ‘मेरा ई-केवायसी’ ॲपवर चेहऱ्यानेही होते, फक्त आधारला मोबाइल जोडलेला पाहिजे. दुकानदार नाही म्हणाला तर तिथेच उभं राहून या योजनेच्या हेल्पलाइनला, १४४४५ ला फोन लावा. आणि पहिल्या वेळी टोळीतल्या कुणाबरोबर तरी स्वतः जा, सोबत कुणी असलं की बोलायची भाषा बदलते.